सहा हात

कोंड्याल मास्तर म्हणायचे,
नाक मोठं आलं की गिऱ्हाईक गेलं.
साखर पेठेतल्या त्यांच्या स्टुडिओत
खुर्चीपासून सहा हातांवर
पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ होती.
तिच्या पुढं पाय टाकला
की टाळक्यात टपली, लेन्सच्या टोपणानं.

मास्तर गेले. रेघ नव्या भाडेकरूनं घासून काढली,
तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
माझ्या पायांतनं मात्र ती निघाली नाही.
कुणाशी बोलायचं तर मी आधी दोन पावलं मागं सरतो.
बायको म्हणते, लग्नातपण तू असाच उभा होतास,
फोटो काढायला आल्यासारखा.

पंच्याऐंशीची लेन्स जुनी घेतली, रत्नागिरीच्या एकाकडनं.
काचेच्या कडेला बुरशीची बारीक नक्षी होती;
सोलापूरच्या उन्हात ती आहे तिथंच वाळली.
पस्तीस ठेवतो वरातीला, गड्ड्याच्या गर्दीला.
चेहऱ्याला पंच्याऐंशी.
गाल जागेवर राहतात, कान दिसतात,
मागची भिंत विरघळते
आणि माणूस स्वतःला आवडतो.
मग पैसे देताना घासाघीस करत नाही.

मे महिन्यात विडी घरकुलात गेलो.
नरसव्वा चिलवेरी. वय तिच्या मते साठ,
कार्डाच्या मते त्र्याहत्तर.
पानं वळून वळून अंगठा गुळगुळीत झालेला,
मशीन तिला ओळखेना.
बँकेतला पोरगा म्हणाला होता, आजी, तुम्ही येतच नाही.
ती म्हणाली, ही काय आले की.
म्हणून नातवानं मला बोलावलं:
फाइलीला लावायला चेहरा तरी नीट असू दे.
आणि एक मोठा काढा, भिंतीसाठी.
तो कशाला, हे तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

ती दारातल्या उजेडाला बसलेली, मांडीवर सूप,
पाठीमागं कपाट, शिलाई मशीन,
पानांचं ओलं बोचकं.
पंच्याऐंशी लावून मी मागं सरत गेलो,
उंबरा, गटार, गल्ली,
समोरच्या बोद्धूलांच्या पायरीला पाठ टेकली
तेव्हा कुठं ती मावली, सुपासकट.
मधून सायकल गेली. शेळी गेली.
पाण्याचा कॅन घेऊन एक पोरगी थांबत थांबत गेली.
आजी, हनुवटी वर!
ती मान वर करून माझ्याकडं बघायची
कलेक्टरकडं बघावं तशी.
हात चालूच. पान, तंबाखू, दोरा. पान.

फोटो चांगला आला. खरं सांगायचं तर फारच चांगला.
तिनं कॅमेरा डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ.
ही कोण बे, म्हणाली,
बँकेतली बाई दिसायलीय.
मग सुपाशेजारची फरशी पदरानं झाडली:
दग्गर रा. जवळ ये.

पस्तीस लावली.
एवढ्या जवळ मी गिऱ्हाइकाच्या कधी बसलो नव्हतो.
तंबाखूनं नाक चुरचुरलं, सटकन शिंक आली,
ती हसली, बटण दाबलं गेलं, आणि मास्तर,
नाक मोठं आलं. भज्याएवढं आलं.
कान मागं पळाले,
एक गाल दुसऱ्याहून रुंद,
खाली कोपऱ्यात बोटं, चेहऱ्याच्या मापाची.

हा, म्हणाली. हा लाव.

नातू बघत राहिला.
लहानपणी तो तिच्या मांडीवर झोपायचा,
सूप त्याच्या पोटावर टेकवून ती विड्या वळायची,
तिथनं ती अशीच दिसायची,
म्हणाला, सगळी मिळून नाक.

फाइलीला पंच्याऐंशीचा गेला.
मशीननं ओळखलं का, अजून कळलेलं नाही.
भिंतीवरचा आज फ्रेमवाल्याकडं नेला.
त्यानं उलटसुलट करून बघितला,
लेन्स चुकली का हो, म्हणाला.
हो म्हटलं, चुकली.
तू पट्टी लाव लाकडाची,
आणि काच बसवू नको.
मध्ये काही नको.